अख्खी मानवजात कधी ज्ञानी होईल का?

सुनंदा_नौपाडा (धागाकर्ती)

प्रश्न सरळ आहे. एखादा माणूस ज्ञानी होतो, मुक्त होतो, बोध पावतो, हे मी मानून चालते. त्यावर वाद नको. मला विचारायचंय ते असं, की पृथ्वीवरची सगळीच्या सगळी माणसं त्या अवस्थेला पोचली आहेत, असा एक तरी दिवस उगवू शकतो का?

आमच्या गुरुवारच्या ज्ञानेश्वरी मंडळात यावरून दोन तट पडलेत. एका काकूंचं म्हणणं, माउलींनी पसायदानात सगळ्या विश्वासाठी हेच तर मागितलंय. मी म्हटलं, नाही मागितलं, नीट वाचा. 'खळांची व्यंकटी सांडो'. दुष्टांचा वाकडेपणा जावो एवढंच. दुष्ट मोक्षाला जावोत असं तिथे नाही. पुढे 'ते सर्वांही सदा सज्जन, सोयरे होतु'. सज्जन हे सगळ्यांचे सोयरे होवोत, म्हणजे सज्जन निराळे आणि बाकीचे निराळे हे धरूनच मागणं केलंय. १२९० साल, वय विशीच्या आतलं, आणि अख्ख्या विश्वासाठी मागतानाही हिशेब सुटला नाही. मला याचं फार कौतुक वाटतं. काकू चिडल्या. शिरा मात्र दिला.

माझा स्वतःचा मुद्दा पोथीतला नाही. मी महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर एएनएम, म्हणजे लस टोचणारी, घरोघर फिरणारी नर्स होते. लोकमान्य नगर, इंदिरा नगर, वागळेच्या चाळी, सगळी नोकरी तिथेच गेली. पोलिओच्या रविवारी बूथ आणि सोमवारपासून खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर अडकवून घरोघर. ज्या घरातली सगळी मुलं झाली त्या दारावर 'पी' लिहायचं. एखादं जरी राहिलं असेल तर 'एक्स'. खरी लढाई एक्सच्या घरांशी. मूल गावाला गेलंय, मूल झोपलंय, सासू नको म्हणते, आतून टीव्हीचा आवाज येतोय पण दार उघडत नाहीत. त्यामुळे 'शंभर टक्के' म्हटलं की माझे कान टवकारतात.

पोलिओ आपण घालवला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याची एक लहानगी. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तरी डोस थांबले नाहीत, कारण शेजारच्या देशांत विषाणू अजून आहे आणि आपल्याकडे बाळं जन्माला यायची काही थांबलेली नाहीत. आणि पोलिओ त्या मानाने सोपा हो. त्याला माणसाबाहेर कुठे थारा नाही, साखळी तोडली की तो मरतो. अज्ञानाची साखळी कुठे तोडणार? ते कुणाकडून लागतच नाही, प्रत्येक बाळ ते बरोबर घेऊनच येतं. जगात वर्षाला १३ कोटींच्या आसपास बाळं जन्मतात, म्हणजे रोजची साडेतीन लाख. समजा आज रात्री बाराच्या ठोक्याला ८०० कोटी माणसं एकदम बुद्ध झाली. उद्या रात्री बाराला साडेतीन लाख माणसं दुपट्यात पाय झाडत 'मला, मला' करत असणार.

म्हणून माझं उत्तर: नाही, कधीच नाही. खोडून काढा.

चेंदणीकर

सुनंदाताई, पसायदान अर्धंच वाचलंत. 'किंबहुना सर्वसुखीं । पूर्ण होऊनि तिहीं लोकीं' ही ओवी कुठे गेली? तिन्ही लोक पूर्ण होऊन आदिपुरुषाला भजोत. यात तुमचं एक्सचं घर उरत नाही.

बाकी तुमच्या बाजूनेही शास्त्र आहे, ते मीच देतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत म्हणतात, हजारांत एखादा प्रयत्नाला लागतो, आणि लागलेल्यांतही एखादाच मला खरा जाणतो. झालं तुमचं कव्हरेज. याच्या उलट टोकाला भागवतातला प्रल्हाद. नृसिंहासमोर तो म्हणतो, या दीनांना सोडून मला एकट्याला सुटका नको.

या दोन टोकांमधली वाट अप्पय्य दीक्षितांनी दाखवली. सोळाव्या शतकातले तमिळ देशातले मोठे अद्वैती. त्यांचं म्हणणं असं की ज्ञान झालेला जीव लगेच शुद्ध ब्रह्मरूप होत नाही. एकही जीव बद्ध आहे तोवर तो ईश्वररूपाने राहतो. शेवटचा सुटला की मग ईश्वर, जीव, जगत् हा पसारा एकदमच आवरतो. याला सर्वमुक्ती म्हणतात. विसाव्या शतकात डॉ. राधाकृष्णन यांनीही हा पक्ष उचलून धरला. सगळे सुटेपर्यंत एकाचंही पुरं होत नाही, असा हा मामला आहे.

आणि तुमच्या गणितात एक मोठं भोक आहे. बाळ नवं असतं, जीव नवा नसतो. जीव अनादी. मोजायचेत जीव आणि तुम्ही मोजताय बाळंतपणं.

सुनंदा_नौपाडा

'किंबहुना' पाठ आहे हो मला. 'सर्वसुखी पूर्ण' म्हणजे ज्ञानी झाले असंच का घ्यायचं, यावर भांडता येईल. पण ओवी तुमच्या बाजूला झुकते, हे खरं.

जीवाचं मात्र पटत नाही. मागच्या जन्मी डोस घेऊन आलेलं बाळ मला अख्ख्या नोकरीत एकही भेटलं नाही. सगळ्यांना पहिल्या थेंबापासून सुरुवात. बरं, संस्कार पुढच्या जन्मात जातात असं धरलं, तर इतकी शतकं संतांची वस्ती असलेल्या या मुलखात सरासरी थोडी तरी वर सरकायला हवी होती. जांभळी नाक्यावर सणाच्या आदल्या दिवशी फुलं घ्यायला जा आणि मग सांगा.

अप्पय्य दीक्षित आवडले. शेवटच्या एक्सच्या घरासाठी सगळी टीम जिन्यात खोळंबलेली. पण मग ईश्वराला कधी घरी जायला मिळायचं नाही.

ऐरोली_अपडाउन

सगळे कशाला हवेत? महर्षी महेश योगींचा हिशेब असा होता की लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतकी माणसं एकत्र बसून त्यांचं प्रगत ध्यान करू लागली की परिणाम सगळ्या समाजावर होतो. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या फेअरफिल्डला त्यांनी सुमारे ७,००० माणसं जमवली होती, कारण तेव्हाच्या जगाला तेवढी पुरत होती. आताच्या ८०० कोटींचा एक टक्का ८ कोटी, त्याचं वर्गमूळ ८,९४४. गर्दीच्या वेळच्या बारा डब्यांच्या दोन लोकलमध्ये मावतील. ट्रान्स-हार्बरवर उभं राहून हे गणित केलं, चुकलं असेल तर सांगा.

तिरकस

गणित बरोबर आहे. वर्गमूळच का, घनमूळ का नाही, हे ध्यान करणाऱ्यांनाच माहीत. त्यांच्या प्रयोगांवर बाहेरच्या शास्त्रज्ञांनी भरपूर आक्षेप घेतलेले आहेत. आणि त्या दोन लोकलमधली माणसं ध्यानस्थ झाली तर ठाण्याला उतरणार कोण?

सुनंदा_नौपाडा

ऐरोली, हसू नका कुणी, पण तुमच्या प्रतिसादात एक गोष्ट आहे. तोंडावाटे देतात त्या पोलिओच्या थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो बाळाच्या आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो, आणि दाटीच्या वस्तीत आजूबाजूच्या मुलांच्या पोटात जातो. म्हणजे ज्या मुलाच्या तोंडात आम्ही थेंब टाकलेच नाहीत, त्यालाही कधी कधी नकळत संरक्षण मिळतं. सुईच्या लशीत विषाणू मेलेला असतो, तिथे असं होत नाही. ज्याला टोचली त्याला टोचली. माझा प्रश्न असा की ज्ञान यांतलं कुठलं? नुसत्या सहवासाने, त्या मुलाला पत्ताही न लागता, जातं का? सत्संग सत्संग म्हणतात तो तरी याच भरवशावर चालतो. हे खरं असेल तर माझं साडेतीन लाखांचं गणित जरा ढिलं पडतं, कारण बाळ सहवासातच वाढतं.

तिरकस

सुनंदाताई, पुढचंही सांगा की. तोच दुबळा विषाणू, लसीकरण अर्धवट असलेल्या वस्तीत पोटापोटांतून फिरत राहिला, तर बदलत बदलत पुन्हा लुळं करायच्या ताकदीचा होतो. लशीतूनच आलेला पोलिओ. गुरूच्या तिसऱ्या पिढीतल्या शिष्यांकडे बघा, तंतोतंत तेच आहे. मूळ माणूस दुबळा, निरुपद्रवी, झाडाखाली बसलेला. फिरत फिरत शेवटी आश्रम, जमीन, खटला.

सुनंदा_नौपाडा

खरंय. म्हणून तर एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून विषाणूचा दुसरा प्रकार काढून टाकला, लशीतून उलटणाऱ्यांत तोच मुख्य होता. संप्रदायांतून काय काढायचं हे ठरवायला मात्र कुणाची समिती नाही. असती तरी तिच्यात कोण बसलं असतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

कोपरीकर

बुद्धाला हाच प्रश्न थेट विचारलेला आहे. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात. उत्तिय नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, येतो. जग शाश्वत की अशाश्वत वगैरे नेहमीचं विचारून झाल्यावर म्हणतो, तुमच्या या धम्माने सगळं जग पार जाणार, की अर्धं, की तिसरा हिस्सा? भगवान गप्प राहतात. शिष्य आनंदला वाटतं, आता हा बाहेर जाऊन सांगेल की गोतमाला उत्तर येत नाही. म्हणून तो समजावतो. सीमेवरचं एक नगर, भक्कम तट, दरवाजा एकच. हुशार द्वारपाल तटाभोवती फिरून येतो. मांजर शिरेल एवढीसुद्धा फट नाही. आत किती जण गेले ते त्याला ठाऊक नसतं. पण जो कुणी जाईल तो याच दारातून, हे ठाऊक असतं. तथागताला सगळे, अर्धे की तिसरा हिस्सा याची फिकीर नाही, असं आनंद सांगतो.

आता माझं. दार एकच आहे हे ठीक, पण त्या दारापर्यंत कुणाला येऊ देतात ते बघा की आधी. माझी आई पहाटे चारला उठायची, चार घरची धुणीभांडी करून परत स्वयंपाक. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला पैसे पडत नाहीत, मान्य. दहा दिवसांची कामं बुडाली तर घरमालकिणी दुसरी बाई बघतात, ते कोण भरून देणार होतं? हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला, आणि अजूनही गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात. त्यांच्या बोधाची टक्केवारी काढायची म्हणजे कमालच आहे.

बाबासाहेबांनी निब्बाण मेल्यानंतरचं ठेवलंच नाही. विकारांवर ताबा मिळवून याच जगात नीट वागता येणं, असं त्यांनी सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी एका दिवसात धम्म घेतला. त्यातलं कुणी त्या संध्याकाळी अर्हत, म्हणजे पुरतं मुक्त, झालं, असं कुणीच म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी जन्मलेलं बाळ वेगळ्या घरात जन्मलं. ताई, तुमचं बाळांचं गणित इथे उलटं चालतं.

नेरुळचा_संशयी

वरच्या शेवटच्या वाक्याला +१, आणि तेच पुढे नेतो. ताईंचा युक्तिवाद असा की प्रत्येक बाळ शून्यापासून सुरू करतं. अर्धंच खरं. १८२९ पूर्वी बंगालमध्ये विधवेला चितेवर चढवणं कायद्याने चालत होतं आणि त्याचं समर्थन करणारे विद्वान होते. मॉरिटानियाने गुलामगिरी कागदोपत्री बंद केली ती १९८१ मध्ये, सगळ्या देशांत शेवटी. आज नेरुळच्या एखाद्या इस्पितळात जन्मलेल्या मुलीला माणूस विकत घेणं वाईट आहे हे कळायला बोधिवृक्षाखाली बसावं लागणार नाही. ते तिला भाषेबरोबर फुकट मिळतं. मानवजात शहाणी होते ती अशीच, आणि यात कुणी ज्ञानी व्हायची गरज पडत नाही.

दुसरं. पोलिओ गेला हे तुम्ही तपासू शकलात. ज्ञानी झाला हे कशावरून? प्रयोगशाळा कुठली? स्वतः ज्ञानी नसलेल्याने ज्ञानी ओळखायचा कसा, आणि ज्ञानी असलेल्याची साक्ष धरायची कशी? जे मोजताच येत नाही त्याचं शंभर टक्के म्हणजे काय?

सुनंदा_नौपाडा

संशयी, तपासणीचं नेमकं बोललात. नुसते रुग्ण शून्य झाले म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही. पंधरा वर्षांखालचं कुठलंही मूल अचानक लुळं पडलं, कारण काहीही असो, की त्याच्या शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. असे रुग्ण ठरावीक प्रमाणात सापडत राहिले पाहिजेत, नाहीतर शोधणाराच झोपलाय असं धरतात. तीन वर्षं पोलिओ शून्य आणि शोध मात्र जागा, तेव्हा कुठे सही होते. ज्ञानाच्या बाबतीत असा शोध घेणारा कुणी नाही, आणि जो स्वतःहून पुढे येऊन 'मी झालो' म्हणतो, त्याचा नमुना तर आधी पाठवायला हवा.

भाषेबरोबर फुकट मिळतं, हेही मान्य. पण ते बाळाच्या आत नसतं, बाहेर ठेवलेलं असतं, शाळेत, कायद्यात, घरातल्या बोलण्यात. एका पिढीने ते ठेवणं सोडलं की गेलं. आमच्याकडेही असंच. दोनतीन वर्षं गोवराच्या इंजेक्शनात ढिलाई झाली की वस्तीत गोवर हजर, आधीची वीस वर्षं कितीही चांगली गेलेली असोत. आणि माणूस विकणं वाईट हे कळलेली मुलगी मोठी होऊन कोपरीकरांच्या आईला दहा दिवसांची पगारी रजा देईल, याची खात्री मी देत नाही.

कोपरीकर, तुमचा द्वारपाल मला सगळ्यांत पटला. उत्तर प्रदेश-बिहारात थेंब पाजूनही पुष्कळ मुलांना ते लागू पडत नव्हते, जुलाब आणि अस्वच्छ पाणी यांमुळे. एकेका मुलाला पुन्हा पुन्हा पाजावे लागले. आतड्यात काय होतंय ते पाजणारीच्या हातात नव्हतं, दारापर्यंत जाणं होतं. तर माझ्या प्रश्नात मी बदल करते. सगळे पोचतील का, हे सोडलं. दार सगळ्यांना मोकळं होईल का? याला माझं उत्तर 'कधीच नाही' असं येत नाही. लवकर होईल असंही नाही म्हणत.

चेंदणीकर

म्हणजे खोडून काढा म्हणालात आणि स्वतःच प्रश्न बदललात. बरंय. गुरुवारी त्या काकूंना हे सांगा.

नवपद_टेंभीनाका

इतके प्रतिसाद झाले आणि आमचं कुणाला आठवलं नाही! जैन सिद्धान्तात याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय, तेही आकड्यांसकट. सगळे जीव मोक्षाला जाणार नाहीत. सहा महिने आणि आठ समयांत (समय म्हणजे काळाचा सगळ्यांत लहान भाग) ६०८ जीव सिद्ध, म्हणजे मुक्त, होतात, आणि तितकेच नित्यनिगोदातून वर येतात. निगोद म्हणजे अत्यंत सूक्ष्म जीवांची रास, तिला अंत नाही. त्यामुळे जग कधी रिकामं होत नाही. सुनंदाजी, तुमचं साडेतीन लाखांचं गणित आमच्याकडे असं आहे. शिवाय काही जीव अभव्य असतात, त्यांच्यात मोक्षाची पात्रता मुळातच नाही.

आणि इथल्यांपुरतं विचाराल तर सध्या पाचवा आरा, म्हणजे कालचक्राचा पाचवा भाग, चालू आहे, २१,००० वर्षांचा. महावीरांच्या परंपरेतल्या जंबूस्वामींनंतर भरतक्षेत्रातून, म्हणजे आपल्या या भूमीतून, कुणीही मोक्षाला गेलेलं नाही, या आऱ्यात जाणारही नाही.

ऐरोली_अपडाउन

६०८ म्हणजे वर्गमुळापेक्षाही स्वस्त. पण भरतक्षेत्र बंद आहे तर हे ६०८ जातात कुठून?

नवपद_टेंभीनाका

महाविदेहातून, ते आमच्या विश्वरचनेतलं दुसरं क्षेत्र. तिथे मोक्षमार्ग कायम चालू असतो, तीर्थंकर कायम विद्यमान असतात. आत्ता सीमंधरस्वामी आहेत.

सुनंदा_नौपाडा

तीर्थंकर समोर हजर, दार कायम उघडं, मग तिथले तरी सगळे का जात नाहीत? तिथेही एक्सची घरं?

नवपद_टेंभीनाका

अभव्य तिथेही जन्मतात. अभव्य म्हणजे दुष्ट असं नाही हं. तो दीक्षा घेईल, कडक चारित्र्य पाळेल, त्या पुण्याने पार ग्रैवेयक स्वर्गापर्यंत जाईल. बाहेरून तुम्हाला फरक कळणार नाही. मोक्ष मात्र नाही.

सुनंदा_नौपाडा

हे फारच झालं. मग आपण भव्य की अभव्य, हे कळायचं कसं?

नवपद_टेंभीनाका

आमच्यात म्हणतात, ज्याला ही शंका मनापासून येते तो भव्यच. अभव्याला हा प्रश्न पडत नाही.

तिरकस

मला तर आयुष्यात कधी पडला नव्हता. आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून पडला. धरायचा का?